सारख्या उंचीची घरं

त्या सरांच्या तोंडून ‘बाल्यावस्था’ हा शब्द बाहेर पडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाल्यावस्था म्हणे! समोर माझ्या बापाने रंगवलेला नाटकाचा पडदा टांगलेला, आणि हा पस्तिशीतला मुलगा हातातल्या काठीने पडद्यावरच्या घरांना टोचत वर्गाला सांगतोय, “बघा, इथे चित्रकार अजून चाचपडतोय. लांबचं लहान दिसतं हेसुद्धा त्याला उमगलेलं नाही. परंपरेची ही बाल्यावस्था.”

बाल्यावस्था कसली डोंबलाची! अप्पांनी तो पडदा काढला तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते.

पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढा राग आला तर बोलायचं की. अहो, मी आयुष्यभर बोलतच आलेय. टपाल कचेरीत चौतीस वर्षं पत्रांची छाननी केली, आणि तिथे साहेबापासून शिपायापर्यंत माझ्याकडून ऐकून घेतलेलं नाही असा एक माणूस सापडणार नाही. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, “आता कचेरीत शांतता नांदेल,” आणि सगळे इतके मनापासून हसले, की मला तेव्हाही रागच आला. ह्या वर्गात मला घातलं ते लेकीने. “आई, तू हल्ली टीव्हीतल्या बायकांशी भांडतेस. त्या उत्तर देत नाहीत म्हणून आणखी चिडतेस. जरा चार माणसांत जा,” असं म्हणाली आणि फॉर्म भरून मोकळी झाली.

प्रौढांचा वर्ग. विषय, ‘चित्रपरंपरांचा प्रवास’. दर गुरुवारी दुपारी चार ते सहा, जुन्या नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावर, तालमीच्या हॉलमध्ये. आम्ही सगळे मिळून चौदा जण. माझ्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर बसायचे. सगळे त्यांना ड्रायव्हरदादा म्हणायचे. ते दर वेळी वहीवर तारीख घालायचे आणि त्यापुढे एक अक्षर लिहायचे नाहीत. सर शिकवायचे छान, उगाच खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या फळ्यावर कायम एक बाण असायचा, डावीकडून उजवीकडे. आधी सपाट चित्रं, जाड रेघेची. मग माणसाला सावली काढता आली. मग अंतर दाखवता आलं. सगळ्या देशांतल्या सगळ्या चित्रकारांना त्यांनी त्या एका बाणावर ओळीने बसवून टाकलं होतं. आमच्या कचेरीत पत्रांचे खण असायचे ना, तसंच. फरक इतकाच, की चुकीच्या खणात टाकलेलं पत्र कधी ना कधी परत यायचं आणि मला शिव्या बसायच्या.

तिसऱ्या महिन्यात सरांनी वर्गाला काम दिलं. नाट्यगृहाच्या खालच्या कोठीत अकरा जुने रंगवलेले पडदे गुंडाळून पडले होते. राजवाडा, जंगल, नदीकाठ, रस्ता, असे. नाट्यगृहाची दुरुस्ती निघाली होती, महिनाअखेर कोठी रिकामी करायची होती, आणि गावच्या संग्रहालयात जागा होती फक्त चार पडद्यांना. आम्ही ते अकरा पडदे काळाप्रमाणे लावायचे आणि चार निवडायचे. उरलेले सात भिंती रंगवणारे घेऊन जाणार होते, जमिनीवर रंग सांडू नये म्हणून अंथरायला. हे सगळं आम्हाला समजावलं नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाईंनी. त्यांचं नाक सदान्कदा धुळीने लाल. “मला फक्त कोठी रिकामी हवी,” म्हणाल्या.

अकराच्या अकरा पडदे अप्पांचे होते. पडद्यावर नाव घालायची पद्धत नाही. नाव नटांचं, पडदेवाल्याचं कसलं नाव! कडेची शिलाई सगळ्यांची सारखी, म्हणून सरांनी ओळखलं की हे एकाच कारखान्यातले. पण कारखाना कोणाचा, त्यांना पत्ता नव्हता. मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते खरं सांगू? मला लाज वाटली. सर ज्या पडद्याला बाल्यावस्था म्हणाले, त्याला मी स्वतः काय म्हटलं होतं ते मला आठवत होतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी भांडी अशी आपटली, की लेक खोलीतून धावत आली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, “मग सांग की त्यांना. इथे ताटल्यांनी काय घोडं मारलंय?”

पुढच्या गुरुवारी सरांनी फळ्यावर चार नावं लिहिली. राजवाडा, जंगल, नदीकाठ आणि दरबार. मग काठी रस्त्याच्या पडद्याकडे वळली. “हा सगळ्यात जुना दिसतो, पण हात कच्चा आहे. शिकाऊ माणसाचं काम. हा सोडून देऊ.”

“सोडून देऊ म्हणजे?” मी उभी राहिले. “तो पहिला नाही. शेवटचा आहे.”

“काकू, तसं नाही होत,” सर अगदी गोड आवाजात म्हणाले. मला कोणी गोड आवाजात समजावलं की माझं डोकं आणखी फिरतं. “ज्याला एकदा अंतर दाखवता आलं, तो पुन्हा सपाट कशाला काढेल? कला मागे जात नाही.”

“का नाही जात?” ड्रायव्हरदादा मध्येच बोलले. “रिव्हर्स गिअर काय शोभेला असतो?”

वर्ग हसला. मी नाही हसले. मी सांगून टाकलं. हे पडदे काढणारा माणूस माझा बाप होता. मी त्याच्या कारखान्यात लहानाची मोठी झाले, सरस उकळला, खडू चाळला, आणि हा रस्त्याचा पडदा त्याने सगळ्यांत शेवटी काढला, नजर गेल्यावर.

मग सर हळूच म्हणाले, “काकू, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे.”

माझ्या बापाची मुलगी समोर उभी, आणि ह्याला पुरावा हवा! माझी जीभ वळवळली, पण नेमकं तेव्हाच मला सुचलं, की पुरावा आहे. तो त्या पडद्यातच आहे.

त्यासाठी आमचं काम कसं चालायचं ते सांगायला हवं. नाटकाचा पडदा भिंतीला टांगून रंगवत नाहीत. कापड जमिनीवर पसरायचं, त्यावर खडू आणि सरसाचा पांढरा हात द्यायचा, आणि लांब काठीला बांधलेल्या ब्रशाने त्यावर चालत चालत चित्र काढायचं. खाली उभं राहून काही कळत नाही, सगळं फाकलेलं दिसतं. म्हणून कोपऱ्यात उंच शिडी असते. घटकाभर काढायचं, शिडीवर चढायचं, वरून बघायचं, उतरायचं, दुरुस्त करायचं. अप्पा दिवसातून पन्नास वेळा चढायचे. लांब जाणारी वाट, लहान होत जाणारी झाडं, हे सगळं त्या शिडीवरून जमायचं. मग त्यांचे डोळे अधू झाले. शिडीवर चढले की खाली नुसतं धुकं. मी वर्षभर मागे लागले होते, डॉक्टरकडे चला, डॉक्टरकडे चला. ऐकतील तर शपथ! पुढे कळलं की काचबिंदू होता, आणि कळेपर्यंत वेळ निघून गेली होती.

तरी त्यांनी रस्त्याचं काम घेतलं. नवं कापड नव्हतं, म्हणून आधी रंगवलेला एक बागेचा पडदा बाहेर काढला. जुना पडदा पुन्हा वापरायचा तर आधी धुवायचा असतो. अप्पा चांगल्या पडद्यावर शेवटी माझ्याकडून तुरटीचं पाणी मारून घ्यायचे, त्याने रंग पक्का बसतो. तो निघायला सोड्याच्या पाण्याने घासावं लागतं, आणि वीस फुटांचं ओलं कापड एकट्याला पेलत नाही. त्यांनी मला बोलावलं. मी म्हटलं, “मला रजा नाही.” रजा होती. ते डॉक्टरकडे येत नव्हते ना, मग मीही त्यांच्या पडद्याला हात लावणार नव्हते. हट्टाला हट्ट. त्यांनी न धुताच त्या बागेवर पांढरा हात दिला आणि वर रस्ता काढला. गुडघ्यांवर बसून, हाताच्या अंतरावरून. दिसावी म्हणून जाड काळी रेघ. हात पसरला की मावेल एवढं एक घर, मग सरकायचं, मग दुसरं घर. सात घरं, सातही एका उंचीची. कुठलंच घर लांब नाही.

पहिल्या प्रयोगाला तो पडदा खाली आला आणि लोक हसले. मी पण हसले. घरी येऊन वर त्यांना सुनावलं, “अप्पा, पुठ्ठ्याचे खोके मांडल्यासारखं दिसतंय. लोक दात काढत होते. आता पुरे करा.” ते एवढंच म्हणाले, “लांबचं दिसत नाही गं. जवळ गेलो तेवढं काढलं.” त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. मी पुरे करा म्हटलं आणि त्यांनी पुरे केलं, इतकं साधं. आयुष्यात माझं एवढंच एक त्यांनी ऐकलं आणि ते नेमकं हे!

तर पुरावा हा. रस्त्यावर तुरटी मारलेली नव्हती, कारण ते काम माझं, आणि मी गेलेच नव्हते. म्हणजे रस्ता नुसत्या कोमट पाण्याने सुटेल, आणि खालची तुरटीची बाग तशीच राहील. बाग खाली आणि रस्ता वर. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे मग शेंबड्या पोरालाही कळेल.

पुढच्या गुरुवारी पडदा खाली रंगमंचावर पसरला. बाकीचे तेरा जण भोवती उभे. मी स्पंज, कोमट पाण्याची बादली आणि जुनं धोतर घेऊन गुडघ्यांवर बसले. अगदी खालचा कोपरा निवडला, सातव्या घराच्या पायरीपाशी. वीतभर का होईना, अप्पांचा शेवटचा हात मी पुसत होते. पण पांढरं मऊ झालं, धोतराला लागून आलं, आणि खाली हिरवं दिसलं. मग हिरव्यात कुंपण दिसलं. कुंपणाच्या कडेने वाट, आणि ती वाट त्या वीतभर जागेतसुद्धा अशी आत निघालेली, की बघणाऱ्याचा पाय आपोआप पुढे पडावा.

“अरे बापरे,” सर म्हणाले. तेही गुडघ्यांवर आले. “काकू, तुमचं बरोबर आहे. मी चुकलो.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पाच मिनिटं टिकला. सर त्या हिरव्या कोपऱ्यावरून नजर काढेनात. मग त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, “काकू, हे वरचं सगळं असंच काढता येईल?”

“का?”

“खाली एवढी सुंदर बाग आहे! पूर्ण शाबूत! ही मिळाली तर चारांत पहिला नंबर हिचाच.”

मी आले होते अप्पांचा शेवटचा पडदा वाचवायला, आणि स्वतःच्या हाताने त्याचा गळा कापायची जागा दाखवून बसले. “आणि वरचा रस्ता?” मी विचारलं.

“त्याचे फोटो काढून ठेवू. चांगले मोठे.”

“माणूस मेल्यावर भिंतीला लावतात तसे?”

व्यवस्थापक बाई म्हणाल्या, मत घ्या आणि विषय संपवा, रंगमंच अडून राहिलाय. मत घेतलं. बागेच्या बाजूने तेरा हात वर गेले. ड्रायव्हरदादांचाही गेला. खाली मान घालून का होईना, गेला. “ताई, खरं सांगू का, बाग जास्त छान आहे,” ते म्हणाले. आणि ह्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला, कारण बाग छानच होती. मलाही तीच आवडत होती. तेव्हाही आवडत होती, म्हणून तर मी खोके म्हणाले होते. माझ्यासकट एक माणूस असा नव्हता ज्याला तो आंधळा म्हातारा गुडघ्यांवर सरकत काढतोय ते बघायचं होतं.

धुवायचं कोणी, असा प्रश्न आला. बाई म्हणाल्या, ह्यांनाच येतं तर ह्याच करतील. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा कोणीतरी आणला असता, आणि त्याने दोन्ही थर खरवडून काढले असते. बाईंनी मला मागच्या दाराची किल्ली दिली. पुढच्या गुरुवारी, सगळ्यांसमोर धुवायचं ठरलं, आणि तोवर पडदा रंगमंचावरच पसरलेला राहणार होता.

घरी लेकीला सांगितलं. मला वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, “आई, पडदा नाट्यगृहाचा आहे. तुझा नाही. आणि आजोबांची चांगली बागच राहतेय की.”

“तुझ्या आजोबांची चांगली कामं दहा आहेत. हे एकच वाईट आहे. आणि त्या वाईटापायी मी त्यांना बोलले.”

“मग आता काय करणारेस?”

“मला काय माहीत!” मी ओरडले. पण मला माहीत होतं.

बुधवारी भर दुपारी मी वॉर्निशचे दोन डबे आणि चार बोटं रुंद ब्रश घेऊन मागच्या दाराने आत गेले. वॉर्निश एकदा बसलं की पाण्याच्या बापाला ते सुटत नाही. धुवा म्हणावं आता, किती धुता ते! पडद्याला कोणी वॉर्निश लावत नाही, दिव्यांखाली तो चमकतो आणि नटांपेक्षा पडदाच दिसतो. अप्पांनी तर डबासुद्धा कारखान्यात येऊ दिला नसता. पण आता त्याच्यासमोर कोण नाटक करणार होतं? मी खिडक्या उघडल्या, गुडघ्यांखाली उशी घेतली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. तोंडाने शिव्या चालूच. सरांना, बाईंना, तेरा हातांना, डॉक्टरला, अप्पांना. पहिलं घर, दुसरं, तिसरं. वास डोक्यात गेला होता. चौथं झालं तेव्हा कंबर धरली, म्हणून उठले आणि सवयीने रंगमंचाच्या कडेला असलेल्या दिव्यांच्या शिडीवर चढले.

वरून बघितलं. चार घरं तपकिरी पडली होती आणि त्यांच्या भिंतींतून झाडं दिसत होती. दुसऱ्या घराच्या दारातून ती वाट निघाली होती, आत, लांब. वॉर्निशमधलं तेल खडू प्यायला की काचेसारखा आरपार होतो. तेलाचा रंग आणि खडू कधी एकत्र येऊ द्यायचा नाही, हे अप्पांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. पन्नास वर्षांत एकदाही विसरले नव्हते आणि रागाच्या भरात साफ विसरले. पांढरा हात नाहीसा झाला होता. आता ना धड रस्ता, ना धड बाग. एकावर एक दोन्ही, आणि वर पिवळट चकाकी.

मी शिडीवरच बसले आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने. माझ्यावरच. तेव्हा मी गेले नाही म्हणून ती दोन चित्रं एकावर एक राहिली होती, आणि आज एवढ्या मिजाशीने आले ते ती बिघडवायला. उरलेल्या तीन घरांना मी हात लावला नाही. डबा बंद केला, खिडक्या उघड्याच ठेवल्या आणि घरी गेले. लेकीने विचारलं, वास कसला येतोय. मी म्हटलं, माझ्या अकलेचा.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन पडद्याशी बसले. पळून जाणाऱ्यातली मी नाही. व्यवस्थापक बाई आल्या, बघितलं आणि किंचाळल्या, “हे काय करून ठेवलंत? किल्ली विश्वासाने दिली होती! मी तक्रार करीन, पोलिसांत जाईन!”

“जा,” मी म्हटलं. “मी कुठे जात नाही. इथेच बसलेय.”

सर कडेकडेने पडद्याभोवती फिरले, वाकून वास घेतला, मग शिडीपाशी गेले आणि चढले. वर कितीतरी वेळ उभे होते. सगळा वर्ग खाली आणि शिडीवर तो एकटा. उतरले तेव्हा चेहरा उतरला होता. “काकू, बाग गेली,” म्हणाले. “इतकी सुंदर होती. तुम्ही दोन्ही घालवलीत.”

“हो, घालवली. तुम्ही एक घालवणार होतात, मी दोन घालवली. पण माझ्या बापाची घालवली. तुमच्या बाणाची तर नाही ना?”

हे मी ओरडून बोलले. सर माझ्यापुढे खाली बसले आणि ओरडले नाहीत. “मी पडदा सपाट दिसला म्हणून जुना म्हटला,” ते म्हणाले. “मग बाग दिसली तेव्हाही मी रस्त्याकडे बघितलं नाही. आत्ता शिडीवरून बघितला. ती उरलेली तीन घरं. त्यांनी ती कशी काढली, मला सांगा. सगळं सांगा. मी लिहून घेतो.”

मी सांगितलं. हाताचं अंतर, गुडघे, काळी रेघ, शिडी, सगळं. मी हसले होते तेही सांगितलं. ड्रायव्हरदादांनी त्या दिवशी पहिल्यांदा वहीत तारखेपुढे काहीतरी लिहिलं.

पुढे सर संग्रहालयात जाऊन भांडले. हा माणूस भांडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. दरबार वगळून चौथ्या जागी हा पडदा घ्यायला लावला, तीन घरं कोरडी आणि चार वॉर्निशची, आहे तसा. बाईंची तक्रारही त्यांनीच मिटवली, कशी ते मी विचारलं नाही. शेवटच्या वर्गाला ते पडद्याखाली लावायच्या पाटीचा कागद घेऊन आले आणि माझ्या हातात दिला. “तुम्ही वाचा आणि सांगा, बरोबर आहे का.”

मी चष्मा लावला. ‘रस्ता. चित्रकाराचा अखेरचा पडदा, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, दृष्टी अधू झाल्यावर गुडघ्यांवर बसून हाताच्या अंतरावरून रंगवलेला. खाली त्याच चित्रकाराची आधीची बाग.’ इथपर्यंत वाचून थांबले. अखेरचा हा शब्द मी बोटाने दोनदा चाचपला. मग पुढची ओळ वाचली. ‘काळाच्या ओघात वरच्या थराची हानी झालेली आहे.’

“हे काय?” मी विचारलं.

“काय?”

“काळाच्या ओघात? काळाने काय केलंय? काळ किल्ली घेऊन मागच्या दाराने आला होता?”

“काकू, हळू. बाई ऐकतील,” सर कुजबुजले. “लोक कायम वाचणार ते. तुमचं नाव त्यात कशाला? मी तुम्हाला वाचवायला तसं लिहिलंय.”

“वाचवू नका मला!” माझा आवाज हॉलभर गेला. सगळ्यांनी माना वळवल्या. “पहिल्यांदा तुम्ही शेवटच्याला पहिला केलात, तेव्हा मी भांडले. आता मी केलेलं काळाच्या नावावर घालताय आणि मी गप्प बसू? इथे एकदा खरं लिहायला लागलात ना, मग सगळं खरं लिहा. खोडा ती ओळ.”

सरांनी पेन काढलं आणि ओळ खोडली. “काय लिहू?”

“वॉर्निश चित्रकाराच्या मुलीने लावलं.”

त्यांनी लिहिलं. मग पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं. “का लावलं, ते विचारतील लोक.”

मी कागदाकडे बघितलं. बापावरच्या प्रेमापोटी, असं लिहिता आलं असतं. सरांनी ते आनंदाने लिहिलं असतं आणि वाचणाऱ्यांचे डोळे पाणावले असते.

“रागात,” मी म्हटलं. “रागात लावलं, असं लिहा.”